एसटीच्या आधी महाड

पोलादपूर,
१४ नोव्हेंबर १९८२

प्रिय रऊफ,
जयभीम आणि सलाम.

तुझं पत्र पोचलं. सावित्रीकाठचा माणूस वाळवंटात पाण्याचा टँकर चालवतो, हे आईला वाचून दाखवलं तर ती तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "त्याला जेवायला नीट मिळतं काय, इचार." तर विचारतो. मिळतं काय?

आता मुद्द्याचं. मॅरेथॉन यंदा पुन्हा आहे, सत्तावीस फेब्रुवारीला. रस्ता तोच. पोलादपूर स्टँडवरून महाड, तिथून पुढे दासगावच्या रस्त्यावर झेंड्यापर्यंत, आणि आल्या वाटेनं परत पोलादपूर. यंदा मुंबईच्या एका कारखान्याचे साहेब येणार आहेत. त्यांना टीमसाठी पळणारे हवेत. जो पावणेतीन तासांच्या आत येईल त्याला सरळ कायमची नोकरी. मागच्या वर्षी मी तीन तासांच्या जेमतेम आत होतो. म्हणजे पाव तास कुठून तरी काढायचा आहे. भातगिरणीत पोती उचलून पाठ कामातून गेली, आणि ललिताताईच्या पगारावर घर किती दिवस चालवायचं? ती मास्तरीण झाली म्हणून काय आम्ही जन्मभर तिच्या मानेवर बसायचं? तेव्हा यंदा पावणेतीन म्हणजे पावणेतीन.

तू गेल्यापासून सायकलवरून माझ्यामागं बोंबलत येणारं कुणी राहिलं नाही. घड्याळ होतं ते तुझ्याच मनगटावर, तेही गेलं. मग मी युक्ती काढली. सकाळी सहाला पोलादपूर स्टँडच्या घड्याळाखालून निघतो. साडेसहाची महाड एसटी, आपल्या रावजी ड्रायव्हरची, माझ्यामागून सुटते. तिच्या आधी मी महाड स्टँड गाठला की पावणेतीन तासांचा वेग बसला. गणित ताईकडून तपासून घेतलंय. महाड स्टँडचं घड्याळ बंद आहे, पण एसटी असताना घड्याळ हवं कुणाला?

पावसाळ्यात एसटी मला नडगावपुढंच गाठायची. दसऱ्यापासून एकदाही नाही. मी स्टँडवर गुडघ्यांवर हात टेकून उभा असतो आणि मागून ती आत शिरते. चहावाला भागोजी रोज तिच्या नावानं बोटं मोडतो, "आज पन लेट." मी म्हणतो, "एसटी लेट नाय, मी लवकर." मग तुझ्या घरी जाऊन अंघोळ करतो. तुझी अम्मी, आमची नुरजहाँचाची, तांदळाची भाकरी वाढते आणि तुझ्या नावानं रडते. मी खातो आणि गिरणीत जातो.

परवा दासगावला श्रीपतकडे गेलो होतो. गेल्या शर्यतीत तो नडगावच्या वळणावर पडला तेव्हा तू इथंच होतास. अजून तसाच आहे. दारात बसतो. हाक मारली की हसतो, ओळखून नाही, नुसताच. त्याच्या आईनं, जानकीबाईनं चहा केला आणि त्याच्या तोंडाला बशी लावली. मी घाबरलो नाही असं लिहिलं तर तू ओळखशील, म्हणून लिहीत नाही.

तुझा,
चंदू


शारजा,
५ डिसेंबर १९८२

प्रिय चंदू,
सलाम.

पत्र वाचून आनंद झाला आणि झोपही उडाली. जेवायला मिळतं, आईंना सांग. डाळ आणि खुब्स. खुब्स म्हणजे इथली रोटी, तोडायला दोन माणसं लागतात.

एसटीची युक्ती मला पटत नाही. एसटी म्हणजे माणसं चढणार, उतरणार, कुणाची कोंबडी सुटणार. तिच्यावर कसला भरवसा ठेवतोस? इथं माझ्याबरोबर काम करणारा अजमल सुट्टीवर येतोय, त्याच्याबरोबर आकड्यांचं घड्याळ पाठवतोय. बटण दाबलं की सेकंद पळायला लागतात, पुन्हा दाबलं की थांबतात. ते मनगटावर बांध आणि एसटीला सोडून दे.

दुसरं. तू रोज महाडपर्यंत जीव तोडून पळतोस आणि संध्याकाळी बसून परत येतोस. जाताना नदी तुझ्या बाजूला असते, ती जाते तसा उतार. येताना ती तुझ्या विरुद्ध असते. मी सायकलवरून "हळू, चंद्या, हळू" म्हणून ओरडायचो तेव्हा तू मला शिव्या द्यायचास. आता इथून कितीही ओरडलो तरी तुला ऐकू येणार नाही, याचीच मला भीती वाटते.

एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो. आमच्याबरोबर एक केरळचा माणूस होता, माझ्याएवढाच. भर उन्हात पाइप उतरवत होता. म्हणाला, थंडी वाजतेय. आम्ही हसलो. त्याच्या अंगावर काटा आला होता आणि घाम आटला होता. आमचं हसू थांबायच्या आत तो खाली पडला. त्याला घरी पाठवला तो पेटीतून. चंदू, घाम थांबला आणि उन्हात थंडी वाजली, की जिथं असशील तिथं थांब. नोकरी गेली खड्ड्यात. एवढं माझं ऐक.

तुझा,
रऊफ


पोलादपूर,
२६ डिसेंबर १९८२

चि. रऊफ यास,
अनेक आशीर्वाद.

मी तुला कधी पत्र लिहिलेलं नाही, म्हणून अक्षर पाहून दचकशील. घरी सगळे बरे आहेत. तुझी अम्मीही बरी आहे. पण मला कुणाशी तरी बोलायला हवं आणि इथं ज्यांच्याशी बोलावं ते सगळे त्या एसटीत बसलेले असतात.

दिवाळीनंतर माझी शाळा सकाळची झाली, तेव्हापासून साडेसहाच्या एसटीनं महाडला जाते. पहिल्याच दिवशी पार्ले फाट्यावर गाडी थांबली. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. रावजी खाली उतरला आणि फडकं घेऊन काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती. मी कंडक्टरला, दत्तारामला विचारलं, "काय झालं?" तो तिकिटं चाळत बसला. मग काशीबाई, ती भाजीच्या पाट्या घेऊन जाते ती, माझ्या कानाशी लागली. "बाई, गप बसा. आत्ता निघालो तर महाडाच्या अलीकडंच पोराला गाठू. मग त्याचं तोंड बघवत नाय."

पावसाळ्यात एकदा एसटी चंदूच्या पुढे गेली, तेव्हा तो रस्त्याकडेच्या दगडावर डोकं धरून बसला होता म्हणे. सगळ्या गाडीनं ते पाहिलं. तेव्हापासून हे सुरू आहे. कुणी ठरवलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. कचेरीतले कारकून उशिरा पोचतात, साहेबाचं बोलणं खातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फाट्यावर शांत बसून राहतात. काशीबाई मला म्हणाली, "तुमी सख्खी भैन ना त्याची? आमाला वाटलं तुमाला ठावकं हाय."

मी त्या दिवशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गाडी स्टँडवर शिरते, तो घामानं निथळत उभा असतो, आमच्याकडे बघून हात वर करतो, आणि सगळी गाडी आतून हसते. मीही हसते. ते बघायची मला सवय लागली, रऊफ.

मग तुझं घड्याळ आलं. चंदू गिरणीत होता, म्हणून अजमलनं ते मला बाजारात दिलं आणि तो सासुरवाडीला गेला. दुसऱ्या दिवशी एसटीत बसून मी ते लावलं. चंदूला वाटतं तो पावणेतीन तासांच्या वेगानं पळतोय. तो तीन तासांच्याच वेगानं पळतोय, मागच्या वर्षीसारखाच, आणि तेवढ्यासाठीसुद्धा रोज जिवाचं रान करतो. घड्याळ हातात पडलं की त्याला पहिल्याच सकाळी कळेल.

घड्याळ पोह्यांच्या डब्यात आहे. अजमल अजून आला नाही, असं मी त्याला सांगितलं.

श्रीपत पडला तेव्हा मी नडगावच्या वळणावर पाण्याची कळशी घेऊन उभी होते. माझ्या कळशीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं होतं. मी चंदूला ओळखते. कमी पडतोय असं कळलं, तर तो थांबणार नाही, दुप्पट पळेल. नाही कळलं, तर शर्यतीत कळेल आणि तिथं दुप्पट पळेल. दोन्ही वाटा मला त्या वळणावरच नेतात. रोज सकाळी तो बुटांच्या नाड्या बांधतो आणि मला ती कळशी आठवते. तू सांग, मी काय करू?

तुझी,
ललिताताई


शारजा,
१४ जानेवारी १९८३

ती. ललिताताईस,
सलाम.

मला वाटत होतं चंदू रागावला. घड्याळाबद्दल एक अक्षर नाही, पत्र नाही. मी मनात म्हटलं, मित्र दोन पैसे मिळवायला लागला तर याला टोचलं. आता स्वतःचीच लाज वाटते.

ताई, त्याला सांगा. आजच सांगा. तुमचं पत्र मला यायला अठरा-वीस दिवस लागले, माझं तुम्हाला जायला तेवढेच लागतील, आणि तेवढे दिवस तो रोज सकाळी त्या खोट्या वेगानं पळणार. त्याला राग येईल. तुमच्यावर येईल, रावजीवर येईल. येऊ दे. चिडलेला भाऊ घरात असलेला बरा.

तुम्ही म्हणता तो दुप्पट पळेल. आज कळलं तर दुप्पट पळेल, पाय दुखतील, दोन दिवस झोपेल, आणि मग विचार करायला हातात महिना राहील. शर्यतीत कळलं तर विचार करायला काहीच राहणार नाही. सायकलवरून मी इतकी वर्षं त्याच्यामागं होतो. पुढच्याला गाठायचं असलं की त्याचे कान बंद होतात.

एक बोलतो, रागावू नका. तुम्हाला त्याची भीती वाटते हे खरं आहे. पण तो जिंकताना बघायला तुम्हालाही आवडायला लागलंय. मला आवडलं नसतं असं नाही. मी असतो तर मीही पार्ले फाट्यावर गप्प बसलो असतो.

पोह्यांचा डबा उघडा, ताई.

तुमचा,
रऊफ


पोलादपूर,
२ फेब्रुवारी १९८३

प्रिय रऊफ,
जयभीम, सलाम.

अजमल बहुतेक घड्याळासकट सासुरवाडीतच राहिला. ताईला दोनदा विचारलं, ती म्हणते आला नाही. जाऊ दे. मला एसटी पुरते. खरं सांगू, आता ती मला कमीच पडते. गेल्या आठवड्यात स्टँडवर पोचलो, भागोजीकडे चहा घेतला, कप विसळून ठेवला, तरी एसटीचा पत्ता नाही. म्हणजे मी पावणेतीनच्याही बराच आत आलोय. एवढा आत की कारखान्याचे साहेब स्वतः येऊन पाया पडतील.

तुझ्या त्या केरळच्या माणसाचं वाचून वाईट वाटलं. पण आपल्याकडे फेब्रुवारीत कसलं ऊन? शर्यत सातला सुटते, दहाच्या आत मी घरी. गेल्या रविवारी मात्र जाऊन-येऊन पळालो, तर लोहाऱ्याजवळ दात वाजायला लागले. आईनं गोधडी घातली. ताई पायाशी बसून राहिली, उठायलाच तयार नाही. हल्ली ती माझ्याकडे विचित्र बघते. काही सांगायचं असल्यासारखं तोंड उघडते आणि "दूध घे" म्हणते. मी आतापर्यंत म्हशीएवढं दूध प्यायलोय.

पळताना मी मनात त्रिशरण म्हणतो, तुला माहीत आहे. पावलाला पाऊल, शब्दाला शब्द. त्यानं भीती जाते. थोडी उरते ती वेगासाठी ठेवतो.

तुझा,
चंदू


शारजा,
१६ मार्च १९८३

प्रिय चंदू, किंवा ताई, किंवा जो कोणी हे पाकीट फोडेल तो,
सलाम.

शर्यत होऊन अडीच आठवडे झाले. कुणाचं पत्र नाही. अम्मीनं दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं पत्र काल आलं. त्यात बकरी व्याली, छपराचं काम निघालं, आमच्या हफिजाला स्थळ आलं, सगळं आहे. चंदूचं नावही नाही. दर पत्रात असतं. "चंदू आला होता, भाकरी खाल्ली", एवढं तरी असतंच. अम्मी वाईट बातमी कधी लिहीत नाही. अब्बा गेले तेव्हाही तिनं मामाला बकरीचंच लिहिलं होतं.

टँकर चालवताना मला रस्त्यावर तो पळताना दिसतो. नेहमी पाठमोरा. मी हॉर्न देतो आणि बाजूला बसलेला माणूस मला विचारतो, पुढे कोण आहे?

ताई, तुम्ही त्याला सांगितलंत का? नसेल सांगितलं तरी मी काही म्हणणार नाही. फक्त तो आहे की नाही, तेवढं एका ओळीत कळवा. एक ओळ पुरे.

रऊफ


पोलादपूर,
१ एप्रिल १९८३

चि. रऊफ,

तो आहे.

ही ओळ मी पहिल्याच दिवशी लिहायला हवी होती. पण तेव्हा आहे म्हणावं की नाही, हे डॉक्टरांनाच माहीत नव्हतं. मग हात उचलला नाही. तुझ्या अम्मीलाही मीच लिहू नका म्हणाले होते.

मी त्याला सांगितलं नाही. तुझं पत्र शर्यतीच्या आधी पोचलं होतं. घड्याळ डब्यातून काढलं, पर्समध्ये ठेवलं. शर्यतीच्या दिवशी पाहुण्यांची गाडी उशिरा आली आणि सातची शर्यत साडेआठ वाजून गेल्यावर सुटली. तेवढा वेळ मी त्याच्याशेजारी उभी होते. पर्स उघडली आणि रुमाल काढला. ऊन चढत होतं. तो म्हणाला, "ताई, आज बघ तू." आणि मी म्हणाले, "बघते."

नंतर राहवेना, म्हणून रावजीच्या गाडीनं महाडला गेले आणि तिच्याच परतीच्या फेरीत बसले. त्याला आम्ही नडगावला गाडीत घेतलं. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि तो कुडकुडत होता. मला त्यानं आई म्हणून हाक मारली. दवाखान्यात लघवी काळ्या चहासारखी झाली. सात दिवस सलाईन. आई दाराशी बसून होती, तिच्याशेजारी तुझी अम्मी, दोघी एकमेकींचा हात धरून.

आता तो घरी आहे. चालतो, जेवतो. सगळ्यांशी बोलतो, माझ्याशी नाही. घड्याळ मी त्याच्या उशाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथं नव्हतं. त्यानं घेतलं की फेकलं, विचारायची हिंमत नाही. माझ्या दोन्ही वाटा तिथंच पोचल्या, रऊफ. तू बरोबर सांगितलं होतंस.

ताई


पोलादपूर,
१० एप्रिल १९८३

प्रिय रऊफ,
जयभीम, सलाम.

घाबरू नकोस, अक्षर माझंच आहे. पेन अजून नीट धरता येत नाही.

ताईनं तुला लिहिलं, हे आईकडून कळलं. पण पळालो मी, तेव्हा पळण्याचं मी सांगतो.

महाडपर्यंत मी राजा होतो. पुढची माणसं एकेक करून मागं टाकली. सवयीनं कान मागं होते, एसटीचा आवाज येतो का म्हणून. आला नाही, म्हणजे सगळं ठीक. दासगावच्या रस्त्यावर झेंडा आला. तिथं एक माणूस घड्याळ घेऊन वेळ ओरडत होता. माझ्या हिशेबानं एक बावीस हवे होते. तो ओरडला, "एक एकोणतीस." मी थांबलो. भर शर्यतीत थांबलो आणि म्हणालो, "घड्याळ बिघडलं हाय तुमचं." त्यानं ते माझ्यापुढं धरलं. बिघडलं नव्हतं.

तरी समजलं नाही. परत महाडात शिरलो. स्टँडसमोर भागोजी उभा होता, माझ्या नावानं ओरडत. त्याचं तोंड बघितलं आणि ऐकू आलं, "आज पन लेट." रोज म्हणायचा. एकही दिवस चुकला नाही. आणि मी रोज हसायचो. मग एकदम सगळं दिसलं. रावजी माझ्या डोळ्यांत का बघत नाही, काशीबाई उतरताना मला फुकट काकडी का देते. आणि त्या गाडीत खिडकीशी बसलेली माझी सख्खी बहीण, जिच्याकडून मी गणित तपासून घेतलं होतं.

रऊफ, एवढा राग मला जन्मात आला नव्हता. अख्ख्या गाडीला माहीत होतं मी किती पळतो, फक्त मला नव्हतं. त्या रागावर मी सुटलो. सात मिनिटं परत आणायची होती, आणि मी ती नडगावच्या आत आणायला निघालो. पाय माझे नव्हतेच. थोडा वेळ वाटलं, आणतोय. तू असतास तर ओरडला असतास.

मग ते संपलं. हळूहळू नाही. दिव्यातलं तेल संपतं तसं. मांड्या लाकडाच्या झाल्या. मागं टाकलेली माणसं एकेक करून पुढं गेली, त्यांची पावलं मला ऐकू येत होती, माझी नाही. त्रिशरण म्हणायला लागलो तर दुसरं झालं की तिसरं, तेच कळेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा हरवलं. तेव्हा भीती वाटली. हातावरून हात फिरवला तर हात कोरडा, मीठ लागलं. अकराच्या उन्हात काटा आला होता. गार वारा सुटलाय असं वाटत होतं आणि झाडाचं पानही हलत नव्हतं.

वळणावर आंब्याखाली जानकीबाई कळशी घेऊन उभी होती. पळणाऱ्यांना पाणी द्यायला दासगावहून आली होती. घरी एकटा ठेवता येत नाही म्हणून श्रीपतला बरोबर आणलं होतं. तो मुळावर बसला होता. माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो असेन, कारण जानकीबाईच्या हातातली कळशी खाली पडली. ती म्हणाली, "नको रे बाबा. तू नको."

मागून एसटीचा आवाज आला. इतके महिने ज्या आवाजासाठी कान लावून पळालो, तो. मी तिच्या पुढं पळायला लागलो. खरंच सांगतो, एवढं होऊनही पाय तसेच उचलले. ती मला ओलांडून गेली नाही. हॉर्न नाही, काही नाही, माझ्यामागं माझ्या चालीनं सरपटत राहिली. तिच्यामागं ट्रक, टेंपो, सगळी रांग. तेव्हासुद्धा ते लोक माझ्यासाठी थांबले होते. आणि मला तुझा केरळचा माणूस आठवला, त्याला हसलेले तुम्ही सगळे आठवलात. मी रस्त्याच्या कडेला गेलो आणि हात वर केला. गाडी थांबवायला करतात तसा. पावणेतीन तास तिथं सोडले. दत्तारामनं मला आत ओढलं, पुढचं आठवत नाही.

ताईशी मी महिनाभर बोललो नाही. तिनं उशाशी घड्याळ ठेवलं, ते मी बनियनच्या खाली लपवून झोपलो. एकदा बाहेर काढून बटण दाबलं आणि सेकंद पळताना बघत बसलो. ते कुणासाठी थांबत नाहीत. मला रडू आलं. ताई चुलीपुढं होती, तिला ऐकू आलं, तिनं मागं वळून बघितलं नाही.

परवा स्टँडवर गेलो आणि रावजीला म्हणालो, "उद्या मी पळणार हाय. हळू पळीन. पन गाडी टायमावर न्यायची. पार्ल्याला थांबलास तर परत तुझं तोंड बघणार नाय."
तो म्हणाला, "आणि गाठलं तर?"
"गाठलं तर गाठलं."

काल सकाळी निघालो. घड्याळ मनगटावर. हळूच, तू सांगायचास तसा. नडगाव गेलं आणि मागून आवाज आला. मला वाटलं होतं राग येईल. राग नाही, भीतीच वाटली. वाटलं, आता पुन्हा त्या दगडावर जाऊन बसणार. गाडी बरोबरीनं आली. सगळी खिडक्यांत होती. काशीबाईनं डोळ्यांवर पदर घेतला. ताईनं घेतला नाही. ती सरळ माझ्याकडे बघत राहिली, तोंड पांढरं पडलं होतं, पण बघत राहिली. मग गाडी पुढं गेली, डिझेलचा वास राहिला, आणि रस्त्यावर मी एकटा. दगड आला तसा गेला.

महाड स्टँडवर शिरलो तेव्हा एसटी रिकामी उभी होती. पण माणसं सगळी तिथंच होती. कुणी कचेरीत गेलं नव्हतं, काशीबाईच्या पाट्या अजून जमिनीवर होत्या. भागोजी म्हणाला, "आज एसटी टायमावर आली रे."

मी बटण दाबलं. आकडे थांबले. ते वाचायचं मला धैर्य होईना, म्हणून मी हात ताईपुढं केला. तिनं मनगट धरलं, चष्मा नीट केला आणि आकडे वाचले. शाळेत वाचते तशी, मोठ्यानं, शेवटच्या माणसालाही ऐकू जातील असे.

तुझा,
चंदू